चावी वैनींकडं

पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी वर्गातल्या एखाद्या पोराची मोटारसायकलची चावी मागून घेतो. पोरं हौसेने देतात. चावी खिशात टाकून मी विचारतो, गाडी कुणाची? ह्याची. आता घेऊन कोण जाणार? सर. झालं. मालकी म्हणजे काय आणि ताबा म्हणजे काय हे समजायला ह्याहून जास्त काही लागत नाही. ज्यांना लागतं त्यांनी कायदा सोडून किराणा दुकान टाकावं, असं मी तोंडावर सांगतो. मग चावी परत न देता तास पुढे चालू ठेवतो. गाडीवाला सगळा वेळ चुळबुळत बसतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघून हसतात.

मी राधाकिशन. कोर्टात वकिली करतो आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर मालमत्तेचा कायदा शिकवतो. दोन्हीकडे लोक मला वचकून असतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. कायदा शिकायला येणाऱ्या पोरांना वाटतं की इथे न्याय शिकवतात. तो गैरसमज मी पहिल्या आठवड्यातच काढून टाकतो. पुढे जन्मभर त्यांची फसगत होण्यापेक्षा ते बरं.

त्या वर्षी चावी खिशात टाकल्यावर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तेलाने चापून बसवलेले केस, बोटाला शाई. तिने विचारलं, सर, ह्याने चावी परत मागितलीच नाही तर? वर्ग हसला. मी नाही हसलो. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्या तासाला कुणी विचारला नव्हता. मी तिचं नाव विचारलं. स्वप्नाली, म्हणाली, चौसाळ्याच्या अलीकडच्या गावची.

मग मी प्रतिकूल ताबा शिकवला. तो खरं तर पुढच्या महिन्यातला भाग. जमीन दुसऱ्याची आहे, तुम्ही तिच्यावर बसलात. उघडपणे बसलात, अखंड बसलात आणि मालकाच्या नाकावर टिच्चून बसलात. मालक बारा वर्षं गप्प राहिला. तेराव्या वर्षी तो कोर्टात आला तर कोर्ट त्याला म्हणतं, आता घरी जा. जमीन तुमची. वर्गातल्या निम्म्या पोरांना हे ऐकून धक्का बसतो, म्हणजे चोराला बक्षीस का, असं ते विचारतात. मी सांगतो, चोराला नाही, जागं राहणाऱ्याला. स्वप्नालीने काहीच विचारलं नाही. ती भराभर लिहून घेत होती.

तास संपल्यावर ती बाहेर थांबली होती. तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात, मग तेवढे महिने ताबा तुटतो का, असं तिला विचारायचं होतं. मी विचारलं, घरात भांडीकुंडी असतात का? असतात. कुलूप असतं का? असतं. कुणाचं? आमचंच. मग तुटत नाही, मी म्हणालो. तिचा चेहरा असा उजळला की मला तिचं कौतुकच वाटलं. कुठलं घर, कुणाची जमीन, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी मोहनराव माझ्याकडे आले. सोबत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. मोहनराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, दोन वेळा पंचायत समितीवर गेलेले, पांढऱ्या कपड्यांना डाग म्हणून कधी पडला नाही. रस्ता रुंद झाल्यापासून त्यांच्या हायवेकडच्या जमिनीला भाव आला होता आणि तिथे त्यांना पेट्रोलपंप टाकायचा होता. अडचण एवढीच, की नेमक्या रस्त्याच्या तोंडाशी सटवाचं घर उभं होतं.

सटवा त्यांच्या वडिलांचा, म्हणजे अर्जुनरावांचा जुना सालगडी. अर्जुनराव हयात असताना त्यांनीच त्याला म्हटलं होतं, इथं बांध घर, शेताला राखणही होईल. सटवाने आधी कूड घातला. मग दर वर्षीच्या ऊसतोडीतून थोडं थोडं करून विटा आणल्या, भिंती उठवल्या, स्लॅब टाकला. कागद काही नाही. सातबारावर मोहनरावांचं नाव. सालगडीपण केव्हाच सुटलं होतं, पण घर राहिलं ते राहिलं.

मोहनरावांचं म्हणणं सरळ होतं. जमीन माझी, उतारा माझा, त्याला ऊठ म्हणायला वकील कशाला लागतो? मी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की मोहनराव, तुमची बाजू पडकी आहे. त्यांना राग आला. मोठ्या माणसांना राग आला की मला वेगळीच हुशारी येते. मी त्यांना दोन वाटा समजावल्या आणि दोन्ही कशा बंद आहेत तेही दाखवलं.

सटवा तुमच्या परवानगीशिवाय घुसला असं म्हणालात, तर त्याला बारा वर्षं कधीच होऊन गेली, जमीन त्याची झाली. ही एक. दुसरी, तो परवानगीने राहिला असं म्हणालात, तर इझमेंटच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या हक्कांच्या कायद्यातलं कलम साठ आडवं येतं. परवानगीने राहणाऱ्याला मालक केव्हाही ऊठ म्हणू शकतो, हे खरं. पण त्या परवानगीच्या भरवशावर त्याने स्वतःच्या खर्चाने पक्कं, कायमचं बांधकाम केलं असेल, तर मालकाला परवानगी मागे घेता येत नाही. त्याने कोर्टात येऊन नुसतं खरं सांगायचं, की अर्जुनराव म्हणाले म्हणून मी बांधलं. तेवढ्यावर तो मरेपर्यंत त्या घरात राहील, आणि त्याच्यामागे त्याची पोरंबाळंही कदाचित राहतील.

तेव्हा सरस्वतीबाई बोलल्या. तोवर त्या खाली बघून बसल्या होत्या. त्यांना वाटलं, आपण मदत करतोय. म्हणाल्या, "मामंजींनीच तर नारळ फोडला व्हता पाया घेताना. मी सवता शिरा केलता. सुंदर अन् मी मिळून वाटला समद्या गावात."

सुंदर म्हणजे सटवाची बायको, सुंदरबाई. मी सरस्वतीबाईंना हात जोडून सांगितलं की वहिनी, हा नारळ आता विसरायचा. कुणी विचारलं तर आठवत नाही. त्या गोंधळल्या. मग जरा थांबून, घरातलं काहीतरी सांगावं तसं, म्हणाल्या की सुंदर दर दसऱ्याला घराची चावी त्यांच्याकडे ठेवून जाते. दिवाळीत त्या तिच्या देवापुढे दिवा लावून येतात. तुळशीला पाणी घालतात. पाडव्याला सुंदर चावी मागायला येते तेव्हा ह्या तिला नवं लुगडं नेसवतात.

मी पेन खाली ठेवलं. दर वर्षी चावी मालकाच्या घरी, आणि दर वर्षी मालकाकडून मागून घ्यायची. जो माणूस मालकाच्या विरुद्ध बसलाय तो मालकाला चावी देत नाही. म्हणजे बारा वर्षांचा दावा त्याने केला तर तो ह्या चावीवर आपटणार. राहिली दुसरी वाट, परवानगीची. ती मात्र त्याला मोकळी होती, आणि ती त्याने स्वतःहून बंद केली तरच माझ्या पक्षकाराला काही आशा होती.

मी विचारलं, सटवाला सल्ला देणारं कुणी आहे का? मोहनराव तुच्छतेने हसले. "त्याची पोरगी हाय की. तुमच्याच कालिजात शिकती म्हनं. स्वप्नाली का कोन."

मी त्यांना सांगितलं, आपण काही करायचं नाही. नोटीस नाही, भांडण नाही, दावा नाही. फक्त जमिनीची मोजणी लावा, घराच्या दारात चुन्याची रेघ मारायला सांगा आणि गप्प बसा. पुढचं पाऊल त्यांना टाकू द्या. मोहनरावांना हे भेकडपणाचं वाटलं, पण त्यांनी ऐकलं.

मोजणी झाल्यावर आठवड्याच्या आतच स्वप्नाली मला कॉलेजच्या जिन्यात भेटली. ती रडलेली दिसत होती, पण आवाज घट्ट होता. मी मोहनरावांचा वकील आहे हे तिला माहीत नव्हतं. मी सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. ती माझी पक्षकार नव्हती. विद्यार्थिनीने शंका विचारली आणि शिक्षकाने उत्तर दिलं, एवढंच त्या जिन्यात झालं.

तिने विचारलं, "सर, मालकानं सुरुवातीला परवानगी दिलेली असली, तर प्रतिकूल ताबा होतो का?"

मी म्हणालो, "नाही. परवानगी असेल तर शंभर वर्षं राहा, तो ताबा प्रतिकूल होत नाही."

"म्हणजे परवानगी नव्हतीच, असं म्हणावं लागंल?"

"जे खरं असेल ते म्हणायचं."

ह्यातला एक शब्दही खोटा नाही. हवा तर जिल्ह्याच्या कुठल्याही मोठ्या वकिलाला दाखवा. परवानगीचं पुढे काय होतं, हे तिने विचारलंच नाही. ते प्रकरण तिसऱ्या वर्षाला होतं, मालमत्तेच्या कायद्याच्या अगदी शेवटी, आणि पुस्तकाची शेवटची पानं पोरं परीक्षेच्या आदल्या रात्रीही उघडत नाहीत. ती खाली मान घालून जिना उतरून गेली. मला तेव्हा तिची कीव आली नाही. मला तिचा राग आला. डोकं असलेल्या माणसाने अर्धं पुस्तक वाचून विहिरीत उडी मारावी ह्याचा मला कायम संताप येतो.

दावा लागला. त्यांचा वकील अजिनाथ, माझाच जुना विद्यार्थी, सनद घेऊन जेमतेम वर्ष झालेला, गावातलाच म्हणून कमी फीवर उभा राहिलेला. दाव्याचा मसुदा स्वप्नालीने लिहिला होता हे पहिल्या ओळीवरून कळत होतं, कारण माझी वर्गातली वाक्यं त्यात जशीच्या तशी होती. वादी सटवा हा उघडपणे, अखंडपणे व मालकाच्या हक्काविरुद्ध सदर जागेत राहत असून त्यास कोणीही, केव्हाही परवानगी दिलेली नाही. मी ते वाक्य वाचलं आणि दुसरा चहा सांगितला. ज्या एका गोष्टीच्या जोरावर हा माणूस जिंकला असता, ती त्याने पहिल्याच पानावर स्वतः नाकारली होती.

माझी कैफियत, म्हणजे लेखी उत्तर आणि त्यातच प्रतिदावा, मी छोटी ठेवली. जमीन मोहनरावांची, सटवा त्यांच्या मर्जीने राहत होता, मर्जी संपली, ताबा परत द्यावा. नारळाचा उल्लेख नाही, बांधकामाचा नाही. सटवाचं वय साठीच्या पुढचं, म्हणून म्हाताऱ्या माणसाचा दावा लवकर चालवावा असा अर्ज अजिनाथनेच दिला. मी हरकत घेतली नाही.

सटवा साक्षीला उभा राहिला त्या दिवशी त्याने नवं धोतर नेसलं होतं. शपथ घेताना त्याने हात जोडले ते बराच वेळ सोडलेच नाहीत. मागच्या बाकावर स्वप्नाली आणि सुंदरबाई बसल्या होत्या. स्वप्नालीला मी वकिलांच्या जागेवर दिसलो तेव्हापासून तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला मोहनराव, आणि त्यांच्यामागे पदर ओढून सरस्वतीबाई.

मी पहिला प्रश्न मुद्दाम तोच घेतला. दार आतून नीट लागलंय ना, हे मला बघायचं होतं. घर बांधायला अर्जुनरावांनी किंवा मोहनरावांनी तुम्हाला कधीच परवानगी दिली नाही, हे खरं का? सटवाने मागे लेकीकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. म्हातारा घुटमळला. न्यायाधीशबाईंनी सांगितलं, बाबा, बोला. तो खाली बघत म्हणाला, न्हाई दिली. त्याच्या मागे सुंदरबाईंनी डोळ्याला पदर लावला. ज्या माणसाच्या घराच्या पायावर अर्जुनरावांनी नारळ फोडला होता, तो माणूस शपथेवर अर्जुनरावांना नाकारत होता, आणि हे त्या खोलीत बऱ्याच जणांना माहीत होतं.

मग मी आवाज मऊ केला. ऊसतोडीला कधीपासून जाता, कोण मुकादम, ट्रक गावात कुठे येतो, असलं काहीबाही विचारलं. म्हातारा सैल झाला. त्याला वाटलं, अवघड संपलं. मग विचारलं, जाताना घराला कुलूप लावता, ती चावी कुठे ठेवता?

त्याचा चेहरा खुलला. खोटं बोलून झाल्यावर खरं बोलायला मिळालं की माणसाला किती हलकं वाटतं, ते मी त्या दिवशी समोरून पाहिलं.

"वैनींकडं," तो म्हणाला, आणि हाताने सरस्वतीबाईंकडे दाखवलं. "दुसऱ्या कुनाकडं ठिवनार? लई इश्वासाचं मानूस हाय."

"आणि परत आल्यावर?"

"मागून घेतो. वैनी, चावी द्या म्हनतो."

"त्यांनी दिली नाही तर?"

"कावून देनार न्हाईत?" त्याला माझ्या प्रश्नाचं हसूच आलं. "त्या कावून देनार न्हाईत, साहेब?"

न्यायाधीशबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. परत आल्यावर मी मोहनराव यांच्या घरून चावी मागून घेतो. अजिनाथने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. स्वप्नालीने डोळे मिटले. चावीचं तिला लहानपणापासून माहीत होतं. ते कोर्टात सांगण्यासारखं काही आहे हे तिला कधी सुचलंच नव्हतं, कारण शेजारधर्म कुणी पुरावा म्हणून जपत नाही. मी म्हटलं, माझे प्रश्न संपले.

निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. जो दर वर्षी मालकाकडून चावी मागून घेतो त्याचा ताबा मालकाविरुद्ध म्हणता येत नाही. दुसरा कोणताही हक्क वादीने सांगितलेला नाही. सबब जागेचा ताबा मोहनरावांना द्यावा. मधलं ते छोटं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यावरून कुणाचीही नजर सहज पुढे गेली असती. अपिलात स्थगिती मिळाली नाही, आणि शपथेवर एकदा नाकारलेली परवानगी अपिलात परत आणता येत नाही. कोर्टाच्या पायरीवर मोहनराव माझ्या पाया पडायला आले, मी पडू दिलं नाही. त्यांच्यापेक्षा मी वयाने लहान आहे.

ताबा घ्यायला कोर्टाचा माणूस गेला तो दसऱ्याच्या तोंडावर. मोहनरावांनी मला बोलावून घेतलं होतं. पलीकडे जेसीबी उभा होता. सुंदरबाई भांडी, गोधड्या, देवांची तसबीर एकेक करून रस्त्याच्या कडेला आणून ठेवत होत्या. मुकादमाचा ट्रक तसाही दोन दिवसांनी येणार होता, तेव्हा सामान कुठे न्यायचं हा प्रश्न फक्त दोन दिवसांचा होता. घर रिकामं झालं तरी सटवाने दार ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. जेसीबीवाला हसला.

मग तो चालत सरस्वतीबाईंसमोर गेला आणि नेहमीसारखी त्यांच्या हातावर चावी ठेवली. त्या बाईंच्याही तोंडून नेहमीचंच निघून गेलं. "तुळशीला पानी घालीन मी," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. तुळस जेसीबीच्या अगदी पुढ्यात होती. त्या रडायला लागल्या तसं मोहनरावांनी त्यांना गाडीत बसायला सांगितलं. चावी त्यांच्याच मुठीत राहिली.

मी जीपजवळ उभा होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. स्लॅबवर पहिला दणका बसला तेव्हा सटवाने लेकीला विचारलं, "पोरी, खरं बोललो असतो तर? थोरल्या मालकानं बांध म्हनलं म्हनून बांधलं, असं सांगितलं असतं तर?"

स्वप्नाली त्याच्याजवळ गेली. तिने त्याचा हात धरला आणि लहान मुलाला समजावतात तसं त्याला समजावलं. "खरं बोलला असतास तर पहिल्याच दिवशी हरलो असतो, आबा. परवानगीनं राहिलेल्याला कायद्यात काहीच न्हाई. आपली एवढी एकच वाट व्हती."

म्हाताऱ्याने मान हलवली. लेक शिकलेली, तिला कळतं, असं काहीतरी तो पुटपुटला. त्याला ते पटल्यासारखं दिसलं. मी सिगारेट विझवली आणि जीपमध्ये बसलो. त्या क्षणी मी तिला दुरुस्त करू शकलो असतो. पण पाडलेलं घर कायद्याच्या दुरुस्तीने उभं राहत नाही, मग कशाला?

ती तिसऱ्या वर्षाला आली तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या तासाला बसणार नाही. बसली. वसतिगृहात राहत होती. आईबाप आता बारा महिने बाहेरच असत, ऊस संपला की कुठल्या वीटभट्टीवर. ती त्याच दुसऱ्या बाकावर बसे, माझ्याशी बोलत नसे आणि एकही तास चुकवत नसे. माझ्यावर सूड उगवायला ती वकील होत असेल तर मला त्याचा आनंदच होता. हाताखाली शिकलेला माणूस समोर उभा राहण्यासारखी मजा ह्या धंद्यात दुसरी नाही.

वर्ष संपत आलं आणि अभ्यासक्रमाचं शेवटचं प्रकरण आलं. वर्गात दहाबारा पोरं उरली होती, पंखा बंद होता. मी फळ्यावर लिहिलं, परवानगी, आणि खाली, ती केव्हा मागे घेता येत नाही. मग पुस्तक उघडून म्हणालो, कलम साठ. स्वप्नाली, उभी राहा आणि मोठ्याने वाच.

तिलाच का, असं मला विचाराल तर, ती स्पष्ट वाचते.

ती वाचू लागली. परवानगी देणाऱ्यास ती मागे घेता येईल. मात्र परवानगीवर विसंबून घेणाऱ्याने कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल आणि त्यासाठी खर्च केला असेल तर. तिथे तिचा आवाज थांबला. तिने ती ओळ मनात पुन्हा वाचली, मग परत एकदा. पुढच्या बाकावरचं पोरगं मागे वळून बघायला लागलं. तिच्या चेहऱ्यावरून जे चाललं होतं ते मला दिसत होतं. तिला मोजणीची रेघ दिसत असणार, तो जिना दिसत असणार, साक्षीच्या पिंजऱ्यातून मागे वळून बघणारा बाप दिसत असणार. आणि रस्त्याच्या कडेला त्याचा हात धरून आपण त्याला काय समजावलं, ते.

"पुढे," मी म्हणालो.

"मागे घेता येणार नाही," तिने वाचलं. मग पुस्तकातून वर न बघता विचारलं, "सर, नारळाचं तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"जिन्यात मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही."

वर्गाला काही कळत नव्हतं. मला वाटलं आता ती ओरडेल, पुस्तक फेकेल, प्राचार्यांकडे जाईल. माझी त्याला तयारी होती. तिने तसलं काही केलं नाही. ती हळू आवाजात, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "त्याला खरंच बोलायचं होतं. म्हातारा रोज रात्री म्हणायचा, मी खरं सांगतो. मीच त्याला बोलू दिलं नाही. घोकून घेतलं त्याच्याकडून."

तेव्हा मला काहीतरी झालं, हे मी नाकारत नाही. असं झालं की मी लगेच कामाला लागतो.

"बरोबर," मी म्हणालो. "खरं बोलला असता तर घर राहिलं असतं. परीक्षेत ह्या कलमाला उदाहरण विचारतात, हेच लिही. पूर्ण गुण मिळतील. बस."

ती बसली. थोड्या वेळाने तिने दप्तरातून मोबाइल काढला आणि वर्गातून बाहेर गेली. तास चालू असताना बाहेर जायला मी कुणालाही परवानगी देत नाही, पण तिला अडवलं नाही. व्हरांड्याच्या खिडकीतून ती दिसत होती. तिने नंबर लावला, कानाला धरला, पलीकडून कुणीतरी उचललं असावं, कारण ती "आबा" म्हणाली. त्यापुढे तिच्या तोंडून शब्द निघेना. पलीकडचा म्हातारा काय झालं, काय झालं विचारत असेल, वीटभट्टीवर आवाजही नीट येत नसेल. शेवटी ती म्हणाली, काही नाही आबा, जेवलास का, आणि फोन ठेवला.

मी कलम एकसष्ट शिकवायला घेतलं.